न टाकलेली पावडर

माझी सगळी नोकरी लोकांना जुलाब किती वेळा झाले हे विचारण्यात गेली. आरोग्य सेवक म्हणून लागलो, आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. दोन्हीत फरक एवढाच की आधी मी विचारायचो, आणि नंतर दुसऱ्यांनी नीट विचारलं का ते बघायला जाऊन पुन्हा मीच विचारायचो. अजूनही लग्नाच्या पंगतीत बसलो की माझं लक्ष ताटाकडे नसतं, पाण्याची टाकी झाकलेली आहे का तिकडे असतं. बायको कोपर मारते आणि म्हणते, "गप जेवा आता. हितं साथ आलेली न्हाई."

साथीचा तपास म्हटलं की लोकांना काहीतरी हुशारीचं काम वाटतं. ती निव्वळ पायपीट असते. उंबऱ्यात उभं राहायचं आणि तेच चार प्रश्न विचारायचे: कधी सुरू झालं, काल काय खाल्लं, पाणी कुठलं पिता, घरात आणखी कोणाला त्रास आहे का. माणसं मुद्दाम खोटं सांगत नाहीत, पण जे सांगायला बरं वाटतं ते सांगतात. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर सगळ्या गावाने भगर खाल्लेली असते आणि कोणाच्याही चुलीवर दुसरं काही शिजलेलं नसतं. म्हाताऱ्यांचं तर ठरलेलं: "मी काईच खाल्लं न्हाई बाबा, नुसता च्या घेतला." मग त्या चहाचं दूध कुठलं, पाणी कुठलं, भांडं कोणी धुतलं, हे विचारत बसायचं. घसा सुकतो, आणि प्यायला पाणी मागावं तर ज्या पाण्याचा संशय आहे तेच समोर येतं.

नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या साहेबांनी मला एक गोष्ट शिकवली होती. जे आजारी पडले त्यांच्यापेक्षा जे पडले नाहीत त्यांना जास्त विचार, त्यांच्याकडेच उत्तर असतं. हे मी पुढे कितीतरी नव्या पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पण उत्तर सापडलं म्हणजे काम संपलं असं नसतं, ते मला त्या साहेबांनी सांगितलं नव्हतं.

तो उन्हाळा दुष्काळाचा होता. कोणत्या सालचा ते सांगत नाही, आमच्या बीड जिल्ह्यात दुष्काळाला साल लावून फारसा उपयोग नसतो, नवा येतो आणि जुन्याला मागे टाकतो. माझ्याकडच्या बहुतेक गावांना टँकर सुरू होता. त्यातलं हे एक गाव, नेकनूरच्या बाजूचं, मोठ्या रस्त्यापासून आत. गावाची सार्वजनिक विहीर वेशीजवळ. ती माघातच तळाला गेली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून सरकारने आडातच टँकर ओतायची सोय केली. टँकरवाल्याला दिवसाच्या खेपा पुऱ्या करायच्या असायच्या. घरोघरच्या घागरी भरत बसला असता तर दुपार झाली असती, शिवाय भांडणं. म्हणून तो विहिरीत पाइप सोडायचा, टाकी रिकामी करायचा आणि निघून जायचा. मग बायका कठड्याभोवती दाटी करून दोरांनी तेच पाणी पुन्हा वर ओढायच्या.

वस्तीचं मात्र वेगळं होतं. आमच्या बौद्ध समाजाची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. टँकर आधी तिथे थांबायचा, पाइपनेच थेट ड्रम भरून द्यायचा आणि मग गावात जायचा. ही सोय कुठल्या कागदावर नव्हती. "विहिरीवर आधीच लई गर्दी हुती, त्या बायकांना कशाला त्रास, त्यांना तिकडंच द्या," असं गावातल्या कोणीतरी सुरुवातीला म्हटलं होतं आणि तसं चालू झालं. मीही असल्याच एका वस्तीत वाढलेला, शेजारच्या तालुक्यातल्या. त्या वाक्यात त्रास नेमका कोणाचा वाचत होता ते मला चांगलं कळत होतं. पण ड्रम भरत होते, बायकांच्या मानेवरची खेप वाचत होती, म्हणून मीही काही बोललो नाही.

या विहिरीत रोज औषध टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या माणसाकडे होतं. तो वस्तीतलाच. चाळिशीचा, काटक, बोलायला कमी. सरकारी भाषेत त्याला जलसुरक्षक म्हणायचे. प्रशिक्षणात या नावाचा बिल्ला मिळाला होता, तो खिशाला लावून यायचा. आधी मला हसू यायचं. नंतर त्याचं काम बघितलं आणि हसू गेलं. ती पांढरी पावडर, टीसीएल म्हणतात तिला, पुष्कळ गावांत माणसं मूठभर घेऊन थेट विहिरीत भिरकावतात. हा तसं करायचा नाही. नाकाला रुमाल बांधायचा, बादलीत कालवायचा, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी पोहऱ्यात घेऊन अगदी खाली सोडायचा. त्या पावडरीने त्याच्या बोटांना कायमच्या भेगा पडल्या होत्या. एकटा भेटला की "जयभीम भाऊ" म्हणायचा, चारचौघांत "साहेब."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याने मला रस्त्यात अडवलं. मी मोटारसायकलवर, गाडी चालूच.

"भाऊ, हीर तर तळाला गेली. टँकरचं पानी किती असतंय, गुडघाभर. पावडर तेवढीच टाकू का कमी करू?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता. विहिरीची रुंदी, पाण्याची खोली, त्यावरून पावडर किती, हे गणित मीच त्यांना प्रशिक्षणात फळ्यावर शिकवलं होतं. दोन मिनिटांचं काम. पण मला पुढे पाच गावं होती, ऊन डोक्यात गेलं होतं आणि सकाळपासून तीन ठिकाणी लोकांनी टँकरसाठी मलाच शिव्या घातल्या होत्या, जसा काही मीच टँकर लपवून ठेवला होता.

"तेवढीच टाक," मी म्हणालो. "दुष्काळात जास्तच बरी."

तो तेवढीच टाकत राहिला. भरल्या विहिरीचं माप गुडघाभर पाण्यात. पाण्याला दवाखान्याचा वास यायला लागला, चहा कोणी तोंडाला लावेना. गाव त्याला बोलायचं आणि तो म्हणायचा, साहेबांनी सांगितलंय.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. त्या वर्षी शेतात काही नव्हतं. गावात होती ती दूध संस्था, आणि संस्थेनेच चालवायला घेतलेली जनावरांची छावणी. गावात जे काही हलत होतं ते दुधावर. संस्थेचे कॅन त्याच विहिरीच्या पाण्याने धुवायचे. संकलन केंद्रावर झाकण उघडून दुधाचा वास घेतात. तिथून एका सकाळी दोन कॅन परत आले. औषधाचा वास येतो म्हणून. दुष्काळात तेरावा महिना! संस्थेच्या सचिवाने जलसुरक्षकाला बोलावून घेतलं.

"पावडर बंद कर थोडे दिस."

"साहेबांनी रोज टाकाया सांगितलंय."

"साहेब आपलं दूध घेनार हाय का? टाकू नको बे. म्या सांगतो ना."

छावणीत शेण काढायचं, चारा उतरवायचं काम वस्तीतल्या बारा-पंधरा घरांना मिळालं होतं, आणि ते सचिवाच्या हातात होतं. जलसुरक्षकाने पावडर बंद केली.

आता माझं. प्रत्येक गावात आठवड्याला जाऊन पाणी तपासायचं हे माझं काम होतं. काही अवघड नसतं, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात पावडर आहे, नाही झालं तर नाही. याला आम्ही ओटी टेस्ट म्हणतो. त्या उन्हाळ्यात मी ती टेस्ट बहुतेक गावांची आरोग्य केंद्राच्या आवारात, लिंबाखाली बसून केली, म्हणजे नुसती रजिस्टरात केली. गावाचं नाव, तारीख, "पॉझिटिव्ह," सही. सगळेच करत होते. सगळे करतात म्हणून एखादी गोष्ट बरी ठरत नाही हे मला माहीत आहे, पण त्या उन्हात ठरत होती. या गावाच्या त्या महिन्यातल्या सगळ्या नोंदी तशाच, आणि शेवटच्या दोन तर पावडर बंद झाल्यानंतरच्या.

मग एका सकाळी तिथल्या आशाताईंचा फोन आला. "लवकर या, गावात लई लोकांना हगवण-उलटी लागलीय."

मी पोचलो तोवर शाळेचा व्हरांडा भरला होता. खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या बांधल्या होत्या. डॉक्टर, सिस्टर, आशाताई सगळे घामाने निथळत होते. एका म्हातारीला बीडला हलवलं, ती वाटेतच गेली. तिच्या सुनेने मला नंतर विचारलं, "पान्यानं मानूस मरतंय व्हय साहेब?" मी हो म्हणालो.

दिवसभर घरं फिरलो. वहीत गावाचा कच्चा नकाशा काढला आणि ज्या घरात आजारी तिथे फुली मारत गेलो. वरची आळी, खालची आळी, मारुतीमागची घरं, सगळीकडे फुल्या. मग ओढा ओलांडून वस्तीत गेलो. पहिलं घर, दुसरं, दहावं. "आमच्यात कुनाला न्हाई भाऊ, सगळी चांगली हायेत." वस्तीत एकही फुली नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा मला क्षणभर आनंद झाला. टँकरचं पाणी चांगलं, विहिरीत पडल्यावर वाईट. गावाने ज्यांना विहिरीपासून लांब ठेवलं तेच वाचले. एवढा स्वच्छ पुरावा मला साऱ्या नोकरीत पुन्हा मिळाला नाही. हसतच परत निघालो, आणि पारावर माणसं बसली होती तिथे थांबलो.

"त्यांच्यात कुनाला झालं का?" एकाने विचारलं.

"नाही."

"कावून झालं न्हाई?"

मी टँकरचं, पाइपचं, विहिरीचं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग दुसरा एकजण शांतपणे म्हणाला, "हिरीत रोज पावडर कोन टाकतंय?"

ते सगळ्यांना माहीत होतं. "साऱ्या गावाला हगवण लागली अन् टाकनाऱ्याच्या घरात कुनाला शिंक न्हाई," तो म्हणाला. आणखी एकाने जोडलं, "पावडर म्हनून टाकतंय, आत काय असतंय कुनी बघितलंय?" त्यांच्या घरातली माणसं व्हरांड्यात पडली होती, एक म्हातारी गेली होती. रागाला तोंड हवं होतं आणि ते त्यांना सापडलं. ही बोलणी पारावर सुरू होतात आणि कुठे जाऊन थांबतात ते वस्तीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी तडक विहिरीवर गेलो. कठड्याला तडा गेला होता. बाहेर थारोळं साचलेलं, तिथे जनावरं पाणी पीत आणि तिथेच शेण टाकत, आणि ते पाणी तड्यातून आत झिरपत होतं. ओले दोर त्याच चिखलात पडलेले. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. पिवळेपणाचं नाव नाही.

मागे जलसुरक्षक येऊन उभा राहिला होता.

"किती दिवस झाले टाकली नाहीस?" मी विचारलं.

"धा-बारा दिस." मग त्याने दुधाच्या कॅनचं आणि सचिवाचं सांगितलं.

"मला सांगायचं नाही का?"

"तुमी आलात कुठं भाऊ?" तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. मी आलो नव्हतो, एवढंच तो सांगत होता.

मग त्याने विचारलं, "रजिस्टरात काय लिवलंय?"

"पॉझिटिव्ह."

त्याला माझ्या आधी कळलं होतं. रजिस्टर खरं धरलं तर विहिरीत पावडर होती. पावडर असताना साथ आली, म्हणजे टाकणाऱ्याने पावडरीबरोबर आणखी काही टाकलं. पारावरच्या बोलण्याला माझ्या सहीचा पुरावा मिळत होता. आणि रजिस्टर खोटं म्हणावं तर मी गेलो.

"उद्या जिल्ह्याचे साहेब येनार हायेत म्हने," तो म्हणाला.

"मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. "सगळं सांगतो."

हे मी मनापासून म्हणालो होतो. घरी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, सांगा, काय व्हायचं ते होईल. सकाळी गावात जाताना वाक्यंही जुळवली: साहेब, या नोंदी मी इथे न येता केल्या आहेत. लहानसं वाक्य होतं.

शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं होतं. जिल्ह्याचे साहेब, तालुक्याचे साहेब, आमचे डॉक्टर, सरपंच. भोवती गाव. दूध संस्थेचा सचिव गर्दीमागे हाताची घडी घालून उभा होता. वस्तीतले पाचसहा बाप्ये लांब, कुंपणाला टेकून उभे. जलसुरक्षक टेबलासमोर, आणि मी त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर. हातात पेन होतं.

जिल्ह्याच्या साहेबांनी रजिस्टर चाळलं. "शेवटच्या दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आहेत. म्हणजे पावडर पडत होती. मग साथ आली कशी?"

गर्दीतून आवाज आला, "तेच तर आमी म्हनतोय!" आणखी दोघेतिघे पुढे सरकले. कुंपणाशी उभे असलेले सरळ झाले.

आता बोलायला हवं होतं. मी दम घेत होतो एवढंच, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. तेवढ्यात शेजारून तो बोलला.

"पावडर म्या टाकलीच न्हाई साहेब. धा-बारा दिस झाले. आळस केला."

"मग टेस्ट पॉझिटिव्ह कशी?"

"हे साहेब यायचे तवा म्या बाटलीत पावडरीचं पानी कालवून ठिवायचो. हिरीचं हाय म्हनून तेच द्यायचो. त्यांना काय म्हाईत."

गर्दी एकदम सैल झाली. शिव्या सुरू झाल्या. कामचोर, फुकट्या, पंचायतीच्या जिवावर बसून खातंय. पण त्या शिव्या एका माणसाला होत्या. पुढे सरकलेले लोक पुन्हा मागे झाले. पावडरीत काय असतंय हा विषय त्यानंतर गावात कोणी काढला नाही. सचिवाने हाताची घडी सोडली आणि तोंड पुसलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "असंच झालं का?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलाच्या पायाकडे बघत होता. मी मान हलवली. नुसती मान, तोंडाने हो म्हणायचंही धाडस झालं नाही. आणि मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला आजही लाज वाटते: मला सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी मी त्याला शाळेमागे गाठलं. "कावून केलंस बे असं?"

"दुसरं काय करू?" तो म्हणाला. "तुमचं रजिस्टर खरं ठरलं असतं तर म्या विष घालनारा. त्यांनी वस्तीत यायला उशीर केला नसता. सचिवाचं नाव घ्यावं तर छावनीतलं काम बंद, बारा-पंधरा घरं बसली. अन् तुमचं घ्यावं तर आपल्यातला एकच मानूस हाय हिकडं सरकारात, त्योबी गेला. हिरीत पावडर टाकाया काय, कुनीबी मिळंल."

"पण तू आळशी नाहीस."

"ते मला म्हाईत हाय की," तो म्हणाला आणि थोडा हसला.

पुढचं भराभर झालं. विहीर उपसली, तड्याला सिमेंट लावलं, थारोळं बुजवलं. पावडरीचं माप मी स्वतः खाली टेप सोडून काढलं. जी दोन मिनिटं मला उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळाली नव्हती ती आता सहज मिळाली. योग्य मापात टाकल्यावर ना चहाला वास आला, ना कॅनला. चार-पाच दिवसांत शाळेचा व्हरांडा रिकामा झाला. साथ आटोक्यात आणल्याबद्दल आमच्या केंद्राचं कौतुक झालं, त्या कागदावर माझंही नाव होतं. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीने ठराव करून त्याला काढलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी असं समोर बसून बघितलं, आणि चोरांतला एक मीच होतो.

आमच्या डॉक्टरांना मी एकदा खरं सांगून टाकलं. तरुण होते, भले होते. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनाही आठ दिवस धड झोप नव्हती. म्हणाले, "अहवाल वर गेला. त्याने स्वतः कबूल केलंय. आता तुम्ही उकरून काढलंत तर तुम्ही जाल, तो काही परत येणार नाही." बरोबरच होतं त्यांचं. अशा वेळी जे बरोबर असतं ते मला फार लवकर पटतं.

त्यानंतर दोनेक महिने मी त्या गावाला जाण्याचं टाळलं. एका सहकाऱ्याला ते गाव दिलं, त्याचं लांबचं घेतलं. बायकोने एकदोनदा विचारलं, गेला होता का त्याच्याकडे? मी म्हणायचो, जातो. शेवटी एक दिवस तिनेच डबा भरून दिला, म्हणाली, घरात रिकाम्या हातानं जाऊ नका. म्हणून गेलो.

तो घरी नव्हता. गेवराईकडे रस्त्याच्या कामावर गेला होता. आठवड्याने यायचा. त्याची बायको दारात बसून ज्वारी निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, सतरंजी टाकली, तांब्याभर पाणी आणि पेला आणून दिला. पाणी झाकलेल्या ड्रममधलं, मी न विचारता तिनेच सांगितलं. मी तिला त्याच्या कामाचं, मुलांचं विचारलं. तिने थोडक्यात सांगितलं. काहीतरी मनात घोळवत होती.

"भाऊ, एक विचारू का?"

"विचारा ना."

"ते बाटलीचं मला काई समजंना. हे म्हनत्यात, साहेब यायचे तवा बाटलीत पावडर कालवून दावायचो. पन तुमी तर त्या महिन्यात आलाच न्हवता हिकडं. मी रोज हितंच दारात असती. तुमची गाडी ह्याच रस्त्यानं जाती. मग ती बाटली ह्यांनी दावली कुनाला?"

घरोघर प्रश्न विचारत फिरलो मी जन्मभर, पण असा नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आरोप नव्हता तिच्या डोळ्यांत. तिचा हिशोब जुळत नव्हता आणि तिला तो जुळवायचा होता.

"कुनालाच न्हाई," मी म्हणालो. "मी आलो न्हवतो. रजिस्टर केंद्रात बसून लिहिलं. तो माझ्यासाठी खोटं बोलला."

तिने सूप पुन्हा ओढलं, ज्वारीतले दोन खडे काढून बाजूला टाकले.

"म्हंजी ह्यांनी आळस केला न्हवता."

"नाही. एक दिवसही नाही."

"गावात बाया अजून म्हनत्यात, तुझ्या नवऱ्याच्या आळसानं आमची म्हातारी गेली. बाजारात भेटल्या तरी म्हनत्यात. पोरीला शाळंत म्हनत्यात." तिचा आवाज चढला नव्हता. "तेवढं गावात जाऊन सांगा भाऊ. आत्ता समदे पारावरच असतेत."

"सांगतो," मी म्हणालो.

डब्यातलं तिने काढून घेतलं, डबा विसळून परत दिला. मी गाडीवर बसलो. ती दारात उभी राहून बघत होती. पार उजव्या हाताला, ओढा ओलांडला की लगेच. माणसं बसलेली इथूनही दिसत होती. मी किक मारली आणि डावीकडे, नेकनूरच्या रस्त्याला वळलो.